बुधवारचं बाळंतपण

दर्शनाच्या बाळंतपणाची तारीख डॉक्टरबाईंनी ठरवून दिली आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. दिवस भरून गेले तरी बाळ बाहेर यायचं नाव घेईना, म्हणून त्या म्हणाल्या, "बुधवारी ॲडमिट व्हा. औषध देऊन कळा सुरू करू."

दर्शनाला धडकी भरली. औषधाच्या कळा म्हणजे जीव नकोसा होतो, असं शेजारच्या बायकांनी तिला रंगवून सांगितलं होतं. त्यातल्या एकीलाही असलं औषध कधी दिलं नव्हतं, हा भाग वेगळा.

"माझी एकच अट आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "आत एकालाच थांबू देतात. तू थांबायचंस. शेवटपर्यंत."

"थांबतो की," सुजय म्हणाला.

यात काळजीची गोष्ट एवढीच, की सुजय कुणालाही हो म्हणायचा. रत्नागिरीत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे लोक बिघडलेले मिक्सर आणून द्यायचे आणि हा ते ठेवून घ्यायचा.

त्याने त्याच सरळपणाने गावी वडिलांना तारीख कळवून टाकली. त्याचे वडील महिपतराव वाडीचे गावकर, म्हणजे पहिले मानकरी. देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा; त्यांच्या प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यांच्या वाडीत आजवर ठरल्या तारखेला पालखी निघाली होती, लग्नं लागली होती, पण मूल कधी झालं नव्हतं. आता ज्याला तारीख आहे तो कार्यक्रम. कार्यक्रम म्हटला की वाडीचं ग्रामीण मंडळ आलंच, आणि ग्रामीण मंडळ येतंय म्हटल्यावर वाडीतून नोकरीला गेलेल्यांच्या मुंबई मंडळाला कळवणं आलं. नाहीतर मुंबईकर वर्षभर रुसून बसतात.

मुंबई मंडळाचे अध्यक्ष म्हणजे सुजयचे सख्खे काका, भागोजीराव. त्यांचा लगेच फोन आला. "बुदवार कुणी ठरवलान? आमाला विचारलंव? मधल्या वाराला रजा कोन देतो? शनवार धर."

"बरं काका," म्हणून सुजय खरोखरच विचारायला गेला.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "शनिवारपर्यंत थांबा, असं बाळाला कोण सांगणार? मी, की तुमचे काका?"

बुधवार तो बुधवारच राहिला. मुंबई मंडळ रजा टाकून, अख्खी बस करून आलं. ग्रामीण मंडळ टेम्पोतून आलं. हॉस्पिटलच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही.

आत झुबेदा सिस्टरनी सलाइन लावलं. दर्शना डोळे घट्ट मिटून जीव जाण्याची वाट बघत राहिली. पण कळ आली ती ओळखपाळख काढत आल्यासारखी, हळूहळू. चढली, थोडी थांबली आणि ओसरली.

"एवढंच?" दर्शनाने विचारलं.

"अजून वाढतील," सिस्टर म्हणाल्या, "पण तू छान घेतेयस. लांब श्वास सोड."

दर्शनाने श्वास सोडला आणि शेजारी बघितलं. खुर्ची रिकामी होती.

मुंबईकरांची बस लावायला जागा मिळत नव्हती, म्हणून महिपतरावांनी सुजयला हाक मारली होती. तो "आलोच" म्हणून गेला. परत येऊन टेकतोय तोच चहा कमी पडला म्हणून पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला काकांनी त्याला दारातच अडवलं.

"बाळ पयलं मुंबय मंडळाला दाखवायचं. आमी लांबून आलाव."

"हो काका."

"गाव आमी राखताव," महिपतराव मधे पडले. "पयला मान गावाचा."

"हो बाबा."

एकच बाळ दोन ठिकाणी पहिलं दाखवायचं कबूल करून सुजय मोकळा झाला. दोन्ही मंडळं मात्र हातघाईवर आली. आत कळा दाटून यायला लागल्या होत्या.

"मला कळांची भीती नाही वाटत आता, सिस्टर," दर्शना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तो ऐन वेळेला नसेल, याची वाटते."

झुबेदा सिस्टरनी खिडकी उघडून असा आवाज दिला, की सुजय चहाचे दोन कप हातात घेऊन तसाच आत धावला. दर्शनाने त्याचा एक हात पकडला. चहा सांडला. "आता हा हात सोडलास तर," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य कळेने गिळलं.

बाहेरचं भांडण ऐकून डॉक्टरबाईंनी पोलिसांना बोलवायची धमकी दिली. मग महिपतरावांनी गावात भांडण मिटवायला जे करतात तेच केलं. खिडकीखाली उभं राहून, हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरं आज तुज्यापुडं हुबी हायत."

"व्हय म्हाराजा," दोन्ही मंडळं एका सुरात म्हणाली.

"सूनबायला सुखरूप मोकळी कर."

"व्हय म्हाराजा."

सिस्टर खिडकी लावायला निघाल्या. "नको," दर्शना म्हणाली. "त्यांच्या 'व्हय'ला माझा श्वास बरोबर सुटतोय." डॉक्टरबाईंनी तपासलं आणि त्या म्हणाल्या, "चालू दे."

पण गाऱ्हाणं संपलं तरी कळा संपल्या नव्हत्या.

"थांबू नका," सिस्टर खिडकीतून म्हणाल्या. "पेशंटला हवंय."

गाऱ्हाणं लांबवायची वेळ महिपतरावांवर कधी आली नव्हती. त्यांनी भातासाठी मागितलं, आंब्यासाठी मागितलं, वानरांचा बंदोबस्त मागितला, एस.टी. वाडीपर्यंत मागितली. सगळं मागून झालं, तेव्हा ते म्हणाले, "आनि देवळाच्या सभामंडपाची चावी मुंबय मंडळानं गावाकडं द्यावी."

"व्हय म्हाराजा." सगळ्यात मोठा आवाज भागोजीरावांचा होता. आपण काय बोललो ते त्यांना नंतर समजलं. देवापुढे दिलेला शब्द परत घेता येईना, म्हणून त्यांनी घाईघाईने स्वतःच गाऱ्हाणं ओढून घेतलं. "आनि शिमग्याला पालखी आदी मुंबयकरांच्या घरी यावी."

"व्हय म्हाराजा," महिपतराव सवयीने म्हणाले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

वर्षानुवर्षांची भांडणं एकेका कळेसरशी मिटत चालली. आत दर्शना दोन कळांच्या मधे चक्क हसत होती. बाळंतपणात हसू येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"डोकं दिसतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता जोर लाव."

"आनि म्हाराजा," बाहेर महिपतरावांनी आवाज चढवला, "बाळाच्या बापानं आता भायेर येऊन नारळ फोडावा."

"व्हय म्हाराजा."

सुजयचा पाय सवयीने दाराकडे वळला. दर्शनाने त्याच्याकडे पाहिलं. सुजय थांबला. त्याने तिचा हात दोन्ही हातांनी धरला आणि खिडकीकडे तोंड करून सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला,

"नाय म्हाराजा."

गाऱ्हाण्याला 'नाय' म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पुढे काय म्हणायचं ते महिपतरावांना ठाऊक नव्हतं, भागोजीरावांनाही नव्हतं. सगळे हात जोडून तसेच उभे राहिले. आत दर्शनाला एवढं हसू आलं, की त्या हसण्यातच तिने सगळा जोर लावला.

मुलगी झाली. तिने श्वास घेतला आणि खिडकीतून बाहेर जाईल असा लांबलचक, तक्रारीचा पहिला सूर लावला.

अंगणातल्या दोन्ही मंडळांनी माना लववल्या.

"व्हय म्हाराजा."