सदर आक्षेपार्ह वाक्य

जागेश्वर बारापात्रेला कॉलेजचे पत्र मिळाले तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला सतरा दिवस उरले होते. इतवारी बाजारात भांड्यांच्या एका दुकानावर त्याची भाड्याची खोली होती. खाली दिवसभर पितळ-तांब्याचा खणखणाट चाले, आणि त्यातच तो अभ्यास करी. त्या दिवशी मात्र त्याला खणखणाट ऐकूच आला नाही. पत्रात लिहिले होते :

'आपण स्नेहसंमेलनाच्या समारोपप्रसंगी आभार मानताना एक आक्षेपार्ह वाक्य उच्चारले. सदर वाक्यामुळे संस्थेस मान खाली घालावी लागली आहे. सदर वाक्याबद्दल आपणांवर शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा करावा. तोपर्यंत आपले परीक्षेचे प्रवेशपत्र रोखून ठेवण्यात येत आहे.'

वाक्य मागच्या बाजूला लिहिले असेल म्हणून जागेश्वरने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

आभार मानायचे काम खरे तर त्याचे नव्हतेच. संमेलनाच्या सेक्रेटरीचा घसा ऐन वेळी बसला, आणि आभाराची यादी जागेश्वरच्या सुरेख अक्षरात लिहिलेली होती. ज्याने लिहिली त्यानेच वाचावी, असे ठरले. उमरेडच्या कोष्ट्याचा हा मुलगा तीन वर्षांत वर्गातही कधी उभा राहून बोलला नव्हता. पण त्याने धीर करून यादी वाचली. मंडपवाल्याचे आभार मानले, चिवडा वेळेवर आला म्हणून कँटीनचे मानले, प्राचार्यांनी थोडक्यात पण मोलाचे विचार मांडले म्हणून त्यांचे मानले. शेवटी प्रमुख पाहुणे, माजी आमदार मनोहरराव यांच्याबद्दल यादीत नुसते नावच होते. ते त्याला कोरडे वाटले. म्हणून त्याने पदरचे एक वाक्य घातले : 'एवढ्या मोठ्या खटल्यातून सुटून साहेब आपल्यासाठी आले, हे आपले भाग्य.' मागच्या बाकांवर हशा पिकला, टाळ्या पडल्या. आपले भाषण लोकांना आवडले, या समजुतीत तो त्या दिवशी चालत खोलीवर गेला होता.

पत्र घेऊन तो कॉलेजच्या ऑफिसात गेला. खिडकीत टायपिस्ट रुपराव बसले होते.

"रुपरावजी, हे कोनतं वाक्य हाय?"

"ते मले सांगता येत नाही गा."

"तुमाले मालूम त हाय नं?"

"मालूम हाय. पत्र मीच टाइप केलं. सायेब म्हणाले, वाक्य टाइप केलं त ते फाइलीत येते, अन् फाइलीत आलं का आपणच बोलल्यासारखं होते. म्हणून 'सदर वाक्य' लिहिलं."

"पण त्यात चुकलं काय, तेवढं त सांगा."

"मले इचारशीन त काहीच नाही चुकलं. पण मले कोनी इचारलं नाही. नोटीस निघाल्यावर बोलाची परवानगी बी नाही." आणि रुपरावांनी मशीनवर नवा कागद चढवला.

रात्रभर जागेश्वरने आपले भाषण आठवून आठवून तपासले. मंडपवाला रागवण्यासारखे काही नव्हते. चिवडा खरोखरच वेळेवर आला होता. पाहुण्यांबद्दल तर तो चांगलेच बोलला होता. फिरून फिरून त्याचा संशय एकाच वाक्यावर येऊ लागला, आणि पहाटे त्याची खात्री पटली. सकाळी त्याने खुलासा लिहून दिला : 'प्राचार्य महोदयांनी थोडक्यात विचार मांडले असे मी म्हणालो. वास्तविक महोदय सव्वा तास बोलले. खोटे बोलल्याबद्दल क्षमा असावी.'

दुपारी दुसरी नोटीस आली. पहिल्या आक्षेपार्ह वाक्याबद्दल खुलासा न करता दुसरे आक्षेपार्ह वाक्य लेखी सादर केल्याबद्दल ती होती.

आता जागेश्वर पुरता गोंधळला. जरीपटका वस्तीतला ओमप्रकाश त्याच्या वर्गात होता, आणि पुढे वकिली करायची म्हणून आतापासूनच वकिलासारखा बोलत असे. त्याने दोन्ही नोटिसा उजेडात धरून वाचल्या.

"देख भाई, ये तो सरासर अन्याय हाय. संविधानात बोलाचं स्वातंत्र्य दिलं हाय. तू जे बोलला ते वापस घेऊच नको."

"पण मी काय बोललो, हेच मले समजून नाही राहिलं."

"ते बाद में देखेंगे. पहिले वाक्य वापस घ्याचं नाही."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या भिंतीवर खडूने लिहिलेले दिसले : 'जागेश्वरचे वाक्य हेच आमचे वाक्य.' जेवणाच्या सुट्टीत पन्नास-साठ मुले तीच घोषणा देत आवारात फिरली. वाक्य कोणते हे बहुतेकांना ठाऊकच नव्हते. समारोपाच्या वेळी निम्मी मुले बाहेर पाणीपुरी खात होती, आणि मागच्या बाकांवर जी हसली त्यांना वाटले होते की जागेश्वर मुद्दामच तसा बोलला, त्यात विचारायचे काय. कोणी म्हणे, तो फीबद्दल बोलला. कोणी म्हणे, सरकारबद्दल. संस्कृतच्या वर्गातल्या दोन मुलींनी तर त्याच्याकडे पाहून रस्ता बदलला, म्हणजे तिथे आणखी काही तिसरेच पोचले असावे. जागेश्वर प्रत्येकाला सांगत सुटला की मी असे काही बोललो नाही. तेव्हा लोक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "बरोबर आहे, कबूल करूच नको."

प्राचार्य देवस्थळी रत्नागिरीहून बदलून येऊन सहाच महिने झाले होते. माणूस वाईट नव्हता, पण त्याला गडबड सोसत नसे. त्यांनी फळ्यावर सूचना लावली की सदर वाक्य कोणीही आवारात उच्चारू नये, उच्चारल्यास कारवाई होईल. ओमप्रकाश लगेच अर्ज घेऊन हजर झाला : 'कोणते वाक्य उच्चारू नये ते कळावे, म्हणजे आम्ही ते टाळू.' प्राचार्यांनी अर्जावर शेरा मारला की ज्यांना ठाऊक आहे त्यांनी उच्चारू नये, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांच्याकडून ते उच्चारले जाण्याचा प्रश्नच येत नाही. तो शेरा वाचून मुले तासभर आवारात मुकी बसली. बोलता बोलता चुकून तेच वाक्य तोंडून जाईल अशी भीती वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. प्राध्यापकांना हजेरी घेता येईना.

अखेर पालकाला बोलावून शिस्त समितीची बैठक घ्यायची असे ठरले. परीक्षेला आता आठ दिवस होते. जागेश्वरचे वडील भैयाजी उमरेडहून सकाळच्या गाडीने आले. मागावरून उठून थेट आल्यासारखी त्यांच्या बाहीला सुताची तुसे चिकटली होती. गावच्या शाळेत जूनपासून मास्तरची जागा जागेश्वरसाठी ठेवतो, असे हेडमास्तरांनी त्यांना सांगितले होते. अट फक्त बी.ए. पास होण्याची. वाटेत त्यांनी मुलाला एकच विचारले, "शिवी त नाही नं देल्ली कोनाले?"

"नाही बाबा."

"मंग होईन सारं बरोबर."

समितीत दोघेच होते : प्राचार्य, आणि राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका प्रमोदिनीबाई आठल्ये, ज्या गेल्याच वर्षी पुण्याहून आल्या होत्या. कोपऱ्यात रुपराव वही घेऊन बसले.

"आपल्या मुलानं व्यासपीठावरून अत्यंत गैर असं वाक्य उच्चारलं," प्राचार्यांनी सुरुवात केली.

"काय बोलला, सायेब?"

"ते इथं सांगता येणार नाही."

भैयाजींनी जरा विचार केला. "मंग मी याले रागावू कशासाठी?"

प्रमोदिनीबाईंनी वाट काढली. "सर, त्याला अख्खं भाषणच पुन्हा म्हणायला सांगू. म्हणजे ते वाक्य त्याच्या तोंडून येईल, समितीच्या नाही."

जागेश्वर उभा राहिला. मंडप झाला, चिवडा झाला. 'थोडक्यात' हा शब्द त्याने शहाणपणाने गाळला. मग पाहुण्यांवर आला : "एवढ्या मोठ्या खटल्यातून सुटून साहेब आपल्यासाठी आले, हे आपले भाग्य." प्राचार्य आणि प्रमोदिनीबाई दोघेही एकाच वेळी टेबलाकडे पाहू लागले. जागेश्वर थांबला. वाक्य सापडले होते. पण त्यात काय सापडले, हे त्याला अजूनही कळेना.

भैयाजींचा जीव मात्र भांड्यात पडला. "एवढंच नं? मंग चुकलं काय याचं? मनोहररावजीचा खटला मोठाच हाय. साऱ्या तालुक्याले मालूम हाय."

"साऱ्या तालुक्याला?" प्राचार्यांनी मान वर केली.

"लपते का सायेब असं? चार भाऊ, पुतणे, भाचे, सारे त्याच्यातच हायेत."

"भाऊसुद्धा आहेत?"

"त्याइच्या बायकाबी हायेत."

"बायका?" प्रमोदिनीबाईंनी पेन खाली ठेवले.

"बायाइशिवाय खटला चालते का, बाई? मुख्य त म्हातारी हाय, मनोहररावजीची माय. ऐंशी वर्साची. सारं तिच्याच हुकमानं होते. तिले इचारल्याबिगर एक पायली दाणा घराबाहीर जात नाही."

प्राचार्यांनी घाम पुसला. मनोहररावांवरच्या खटल्याबद्दल वर्तमानपत्रात तर एका सहकारी सोसायटीच्या गोदामातून सरकीची पोती नाहीशी झाली, एवढेच आले होते. "आपल्याला हे सगळं कसं ठाऊक?"

"मी लुगडे घेऊन जातो नं त्याइच्याकडे. पाहून राहिलो वीस वर्सांपासून. आमचा बी होता बरं सायेब असाच मोठा खटला. मंग मोडला."

"म्हणजे निकाल लागला?"

"निकाल कायचा लागते? भाऊ येगळे झाले, आपापल्या चुली मांडल्या."

"चुली?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी प्राचार्यांकडे पाहिले. प्राचार्यांनी त्यांच्याकडे पाहिले. जागेश्वरने तिघांकडे आळीपाळीने पाहिले.

रुपराव खाकरले. "सर, परवानगी असन त मी एक बोलू का?"

"बोला."

"आमच्या इकडे खटला म्हणजे मोठं घर. शेतीवाडी, ढोरं, गडीमाणसं, चाळीस पानं एका टायमाले उठणारं. एवढं सारं मागं टाकून सायेब आले, असं म्हणून राहिला तो पोरगा."

मग प्राचार्य जागेश्वरकडे वळले. "मनोहररावांवर कोर्टात खटला चालू आहे, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"नाही सर. हे आत्ता तुम्हीच सांगितलं."

"रुपराव, हे लिहू नका."

"लिहिलं नाही, सर."

प्राचार्यांनी प्रवेशपत्र फाइलीतून काढले, पण ते जागेश्वरच्या हातात जाण्याआधी रुपराव पुन्हा खाकरले. आज त्यांना परवानगी मिळाली होती, आणि ती संपलेली दिसत नव्हती. "सर, मनोहररावजीले आपण माफीचं रजिस्टर पत्र पाठवलं होतं. त्याचं उत्तर आज आलं. बैठक होती म्हणून फोडलं नाही."

"माझ्या पत्रात काय लिहिलं होतं?"

रुपरावांना पाठ होते. "'आमच्या एका विद्यार्थ्याने जाहीर सभेत आपल्या खटल्याचा उल्लेख केला. या लाजिरवाण्या प्रकाराबद्दल संस्था दिलगीर आहे.'"

प्राचार्यांनी स्वतः पाकीट फोडले. पहिली ओळ वाचताच त्यांनी कागद पुढे सरकवला, आणि मजकूर प्रमोदिनीबाईंनी मोठ्याने वाचला :

'आमच्या खटल्याचे नाव घेण्यात आपणांस लाज कशाची वाटली, ते समजले नाही. आजवर आमच्या खटल्याला कोणी नावे ठेवली नाहीत. आपले पत्र आईला वाचून दाखवले. ती दोन दिवस जेवलेली नाही. आपल्या घरी किती माणसे आहेत, असे तिने विचारले आहे. आठ दिवसांत लेखी माफी न आल्यास मला शिक्षण संचालकांकडे जावे लागेल. त्या गुणी मुलाला मात्र आमच्या घरच्या सर्वांचा आशीर्वाद.'

"माझ्या घरी मी आणि सौभाग्यवती," प्राचार्य पुटपुटले. विचारणारे समोर कोणी नव्हते.

प्रमोदिनीबाईंनी तिथेच मसुदा केला : 'आपल्या एकत्र कुटुंबपद्धतीविषयी आमचा पूर्वग्रह नाही...' रुपरावांनी तो पाहून मान हलवली. "हे गेलं त बुढीले वाटन, सरकार वाटण्या कराले सांगून राहिलं."

तेव्हा प्राचार्यांनी प्रवेशपत्र जागेश्वरच्या पुढ्यात ठेवले आणि त्याच्यावर कॉलेजच्या नावाचा कोरा कागद ठेवला. "तू लिही."

"काय लिहू, सर?"

"त्यांना बरं वाटेल ते."

"माझ्या भाषेत लिहू का?"

प्राचार्यांनी होकार दिला, म्हणजे नुसते डोळे मिटले. जागेश्वर आरोपीच्याच खुर्चीत बसून लिहू लागला. मध्येच अडला की तो हळूच बापाला विचारी, आणि भैयाजी त्याच्या कानात काहीतरी सांगत. एकदा रुपरावही उठून आले आणि एक शब्द बदलून गेले. तिघेही मनापासून हसले. पंधरा मिनिटांत त्या सुरेख अक्षरात पान भरले.

प्राचार्य देवस्थळींनी पत्र एकदा वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. चौथ्या ओळीतल्या एका शब्दावर त्यांचे बोट थांबले, काही विचारण्यासाठी त्यांनी तोंड उघडले, आणि समोरच्या तिन्ही चेहऱ्यांकडे पाहून ते पुन्हा मिटले. मग त्यांनी पेनाचे टोपण काढले आणि खाली, आपल्या संपूर्ण नावानिशी, सही केली.