दौलतमामा आणि बिरूचा गुडघा

दौलतमामांची आणि माझी ओळख एका माठावरून झाली. लग्न होऊन मी पूर्णेच्या रेल्वे वसाहतीत नुकतीच आले होते. बाजारातून नवा माठ कमरेवर घेऊन येत होते, तर शेजारच्या ओट्यावर बसलेला एक उंच, हडकुळा माणूस उठला, एक शब्द न बोलता पुढं आला आणि मधल्या बोटाच्या पेरानं माझ्या माठावर टक्‌ टक्‌ केलं. मान वाकडी करून ऐकलं. मग म्हणाला, "बद्द हाय वैनी. ह्यो माठ तुमच्याकडं ऱ्हायचा न्हाई." आणि परत जाऊन बसला.

आता परक्या माणसानं असं बोलावं का? मी रागानंच घरात गेले. माठ तिवईवर ठेवला, भरला आणि भाकरी थापायला बसले, तर पाठीमागं पाण्याची चाहूल लागली. वळून बघितलं. माठ होता तसाच उभा होता. फक्त काठापासून बुडापर्यंत केसाएवढी रेघ उमटली होती आणि तिच्यातून पाणी अगदी सावकाश, कुणीतरी सांगितल्यासारखं बाहेर येत होतं.

आमचे हे गार्ड होते. संध्याकाळी आल्यावर त्यांना सांगितलं तर हसले. "अगं, ते दौलतमामा. त्यांची नोकरीच ती आहे."

तेव्हा मला कळलं, रेल्वेत असंही एक काम असतं. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एक माणूस डब्याडब्याखाली वाकत जातो आणि प्रत्येक चाकावर एक ठोका मारतो. चाक खणखणीत वाजलं तर शाबूत. बद्द वाजलं तर तडा गेलेला, मग तो डबा काढायचा. निजामाच्या काळापासून मामा हेच करत आलेले. पोलिस अॅक्शन झाली, रेल्वे निजामाची जाऊन देशाची झाली, साहेब बदलले, पाट्या बदलल्या. मामांची हातोडी तीच.

पण कामावरून सुटले तरी त्यांचा हात सुटत नव्हता. दार, खांब, कलिंगड, चुलीसाठी आणलेलं लाकूड, जे समोर येईल ते पेरानं वाजवायचे. त्यांची आणि आमची भिंत एकच होती. दिवेलागणीला त्यांच्या बाजूनं भिंत वाजायला लागायची. टक्‌, टक्‌, टक्‌, असं कोपऱ्यापासून सरकत सरकत यायचं आणि मी जिथं पाठ टेकून निवडायला बसलेली असेन, बरोबर तिथं थांबायचं. मी जागा बदलून बघितली. तर तिथं येऊन थांबायचं. मग भिंतीपलीकडून आवाज, "वैनी, तुमच्या पाठीमागली वीट पोकळ हाय, टेकू नका." मला हसू यायचं, आणि मानेवर काटाही यायचा.

खरी पंचाईत झाली ती नामदेवरावांपासून. हे एक म्हातारे, नोकरी संपलेले फायरमन. सत्यनारायणाच्या प्रसादाला सगळे बसलेले, चेष्टामस्करी चाललेली, तेवढ्यात मामांनी शेजारी बसलेल्या नामदेवरावांच्या पाठीवर एक ठोका दिला आणि म्हणाले, "बद्द." सगळे हसले, नामदेवरावही हसले. आणि त्या महिन्यातच ते गेले.

त्या दिवसापासून वसाहतीत मामांची वाट मोकळी व्हायला लागली. समोरून आले की लोक बाजूला सरकायचे. बाया लेकरांना पदराआड घ्यायच्या. नवा स्टेशनमास्तर आला, मोठा शिकलेला, तोही मामांशी बोलताना हात लांब करून कागद द्यायचा, अंग लांबच ठेवायचा. आणि गंमत बघा, याच बाया दुपारच्याला माठ, घंगाळ, पाळण्याच्या दांड्या घेऊन गुपचूप मामांच्या ओट्यावर जायच्या. "मामा, जरा वाजवून बघा की." काम झालं की मागं न बघता घरी.

एकच जण मामांना भीत नव्हता. बिरू.

बिरू सोनपेठकडच्या धनगराचा पोरगा. इंजिन शेडमध्ये हंगामी लागला होता, इंजिनं पुसायला. राहायला जागा नाही म्हणून मामांच्या ओट्यावर घोंगडी टाकून झोपायचा. मामा त्याला भाकरी करून घालायचे आणि तोंडानं शिव्या द्यायचे. "खा मुडद्या. घोड्यावानी खातो अन्‌ शेळीवानी पुसतो." बिरू हसत हसत तिसरी भाकरी मागायचा.

शेडमागं मैदान होतं. कोळशाच्या राखेचं, काळंभोर. तिथं संध्याकाळी फुटबॉल चालायचा. बिरूनं चेंडू आधी कधी बघितलाही नव्हता. एकदा कुंपणाशी उभा राहिला, चेंडू त्याच्याकडं आला, आणि यानं अनवाणी पायानं असा काही मारला की गोलकीपर चेंडू शोधायला मागं गेला आणि चेंडू होता जाळीतच. तेव्हापासून बिरू सेंटर फॉरवर्ड. त्याचे वडील एकदा खांद्यावर घोंगडी टाकून सामना बघायला आले होते. बराच वेळ बघून म्हणाले, "यवढी माणसं पळायलेत, अन्‌ मेंढरू एकच?"

रहीमचाचांची चहाची टपरी आमच्या परसाच्या कुंपणाला लागून होती. मैदानावरची मंडळी तिथंच बसायची. मी भांडी घासता घासता सगळं ऐकायची, मधूनच बोलायचीही.

"पोरगं सिकंदराबादला जाणार," तिकीटबाबू देशपांडे म्हणायचे. "रेल्वेच्या मोठ्या टीमसाठी निवड आहे. घेतलं तर नोकरी कायम. पण माझं ऐका, डावा पाय कच्चा आहे त्याचा."

"बाबू," रहीमचाचा किटली न ठेवता म्हणायचे, "उस्का बायां पैर तुमारे दोनों पैरां से अच्छा है."

"मी तंत्राचं बोलतोय."

"तुम्ही आजवर चेंडूला पाय तरी लावला का बाबू?" मी कुंपणावरून विचारायची.

"वहिनी, फुटबॉल डोक्यानं खेळतात."

"मग पोराला बूट कशाला, टोपी द्या की," मामा म्हणायचे आणि बाकाचे चारही पाय वाजवून बघायचे. मंडळी हळूच त्या टोकाला सरकायची.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. जगातली प्रत्येक वस्तू वाजवणाऱ्या मामांनी बिरूला कधी बोट लावलं नव्हतं. भाकरी द्यायचे तीसुद्धा ताटलीत ठेवून, सरकवून.

मग नांदेडची टीम आली. सामना रंगात आला होता आणि शेडमधून एक इंजिन बाहेर पडलं. धूर सगळा मैदानावर उतरला. माणसं दिसेनाशी झाली, नुसते पाय ऐकू यायचे, राखेत धबधब पळणारे. लोक ओरडत होते, "बिरू, मार, बिरू." मामा बाकावरून उठले. कुणी काही बोललं नव्हतं, काही दिसतही नव्हतं. मी कुंपणाशी उभी, मला त्यांचं तोंड दिसलं. ओठ हलले, "पडला."

धूर निवळला. बिरू मैदानाच्या मधोमध गुडघा धरून बसला होता. आसपास कुणीच नव्हतं, ना आपला, ना त्यांचा. त्याला पाडलं कुणी, ते त्यालाही सांगता येईना.

रेल्वेच्या डॉक्टरांनी बघितलं. भले गृहस्थ. म्हणाले, हाड मोडलेलं नाही, सूज उतरेल, पण आतलं मी शपथेवर सांगू शकत नाही. झालं. टपरीवर रोज गुडघ्याची चर्चा. देशपांडेबाबू म्हणायचे, या वर्षी जाऊ नये, पुढच्या वर्षी बघू. चाचा म्हणायचे, पुढच्या वर्षी कोण बोलावतंय, शेडची हंगामी नोकरी पावसाळ्याअगोदर संपायची, पोरगं परत मेंढरांमागं. सूज उतरली, बिरू पळायला लागला, पण चेंडूपाशी आला की पाय आखडायचा. पाय बरा होता, भीती बरी होत नव्हती.

निघायचा दिवस तोंडावर आला तसा बिरू टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा वाजवून बगतील. त्येनी खणखणीत म्हनलं तर जातो. न्हाई तर गावाकडं जातो."

चाचांनी स्टोव्ह मंद केला.

"मी न्हाई वाजवत," मामा म्हणाले.

"का?"

"तू काय डबा हायस का गाडीचा?"

"नामदेवरावांचं सांगितलं की तुमी."

मामांचा चेहरा राखेसारखा झाला. देशपांडेबाबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मामा, आता एकदाचं सांगूनच टाका. पोराचा प्रश्न आहे."

बिरूनं बाकावर पाय ठेवला आणि धोतर वर ओढलं. मामा पुढं झाले. खाली वाकले, चाकाशी वाकायचे तसेच. मी कुंपणापाशी, अगदी हाताच्या अंतरावर. शेडमधलं सगळं त्याच क्षणाला कसं गप्प झालं कोण जाणे, एक शिट्टी नाही, एक हातोडा नाही. मामांनी पेरानं गुडघ्यावर एक ठोका दिला. मान वाकडी केली. बराच वेळ तसेच राहिले.

मग उठले आणि मोठ्यानं म्हणाले, "खणखणीत."

बिरूनं पाय खाली घेतला. जागच्या जागी एक उडी मारली, आणि राखेत धावत सुटला. चाचांनी सगळ्यांना फुकट चहा दिला. देशपांडेबाबू म्हणाले, "मी म्हणतच होतो." पोरगा मैदानावर त्या संध्याकाळी असा खेळला की जणू गुडघा कधी दुखलाच नव्हता.

दिवेलागणीला मी भाजी घेऊन मामांच्या ओट्यावर गेले तर मामा अंधारायला लागलेल्या अंगणात नुसते बसलेले. आपलंच मधलं बोट बघत. चूल पेटवली नव्हती. मी भाजी दिली तर घेतली आणि म्हणाले, "वैनी, बसा जरा. एक सांगायचंय."

मी उंबऱ्यावर टेकले.

"मला माणसातून कदी काय ऐकूच आलं न्हाई. चाकातून येतं, मडक्यातून येतं. माणूस ठोकला तर नुस्तं मांस. थप. बास."

"मग नामदेवराव?"

"पिवळे पडले व्हते की वो. आंधळ्यालाबी कळलं आसतं. मस्करी केली मी. मस्करी."

"मग लोकांना सांगितलं का नाही? सगळे इतके भितात तुम्हाला."

मामा थोडं हसले. "मंडळी जाऊन लय वरसं झाली माझी. लेकरूबाळ न्हाई. सांगितलं आसतं तर दारात कोण आलं आसतं? भेत्यात, पण माठ घिऊन येत्यात. दोन घडी कुणी तरी समोर उभं ऱ्हातंय." मग बोट आमच्या दारातल्या उजेडाकडं धरलं. "आज पयल्यांदा आलं."

"काय?"

"ऐकू."

मी पुढं सरकले. "काय आलं?"

"बद्द."

समोर ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बिरूची घोंगडी घडी करून ठेवलेली होती. तो अजून मैदानावरच होता, पोरांचा आवाज इथपर्यंत येत होता.

"मग खणखणीत का म्हणालात मामा?"

त्यांनी ते बोट मुठीत मिटलं. मग म्हणाले, "तडा दिसला की गाडी थांबवायची, ह्ये माझं काम. पन त्येची गाडी आजून निघालीच न्हाई वैनी. न निघालेली गाडी कशी थांबवू मी?"

बिरू गेला. निवडला गेला. नोकरी कायम झाली. आमचे हे सिकंदराबादहून आले की बातम्या आणायचे, बिरूनं अमक्याला गोल मारला, बिरूला आता बूट चावत नाहीत. टपरीवर देशपांडेबाबू प्रत्येक गोल असा सांगायचे की जणू पास त्यांनीच दिला होता. मामांनी मात्र वसाहतीत काही वाजवणं सोडलं. बाया माठ घेऊन आल्या तर म्हणायचे, "पाणी भरून बगा, कळतंय." हळूहळू कुणी येईनासं झालं. संध्याकाळी भिंत वाजायची थांबली. मला वाटलं होतं बरं वाटेल. पण मी भिंतीला पाठ लावून बसायची आणि वाट बघायची.

दोन हंगाम गेले. एके दिवशी सकाळी यांचा डबा घेऊन मी फलाटावर गेले. हे सिकंदराबादकडून येणार होते. तिकडं जाणारी गाडी समोरच्या फलाटाला लागलेली. बघते तर मामा त्या गाडीत खिडकीशी बसलेले. डोक्याला पांढरा फेटा, मांडीवर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, शेजारी तेलाची बाटली आणि तवा. हातोडी नाही.

"मामा, कुठं निघालात?"

"पोराला तितं भाकरी कोण घालणार वैनी? आता त्येला चुलीपाशी बसता यायचं न्हाई." कुलपाची किल्ली माझ्या हातात दिली. "घराकडं बगा."

मी काही विचारणार तोवर यांची गाडी आली. हे उतरले, हिरवी झेंडी अजून हातातच. चेहरा ओढलेला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, काल संध्याकाळी बिरूचा गुडघा गेला. भर सामन्यात. दवाखान्यात आहे. नोकरी जाणार नाही, बसून करायचं काम देणार आहेत, पण खेळणं संपलं. आता मामांना हे कसं सांगायचं, तेच मला गाडीभर कळेना."

मी समोर बोट दाखवलं.

यांनी बघितलं. गाठोडं बघितलं, तवा बघितला. "कोणी सांगितलं त्यांना? ही बातमी घेऊन तर मीच आलोय."

मी काय सांगणार? तिकडं मामांच्या जागी एक नवा माणूस हातोडी घेऊन डब्याखाली वाकत एकेक चाक ठोकत येत होता. मामांच्या खिडकीखालच्या चाकावरही त्यानं ठोका मारला. मामांनी कान दिला नाही. दोन्ही हातांनी गाठोडं धरून ते पुढं, सिग्नलकडं बघत होते, सिग्नलचा हात पडून गाडी सुटायची वाट बघत.