बाटलीमामांचा कर

सरकारने गोड शीतपेयांवर कर बसवला आणि त्याची पत्रकं छापायचं काम छापखान्याकडे आलं. मुद्रितं तपासता तपासता मालकीणबाईच त्या पत्रकाच्या प्रेमात पडल्या. त्यांनी टेबलावर एक पत्र्याचा डबा ठेवला आणि जाहीर केलं, "आजपासून इथंही कर! जो बाटली उघडेल, तो डब्यात पैसे टाकेल. त्यातून सगळ्यांना फळं."

पहिल्या सोमवारी टोपलीभर सफरचंदं आली. पुढच्या सोमवारी द्राक्षंही. पण फळांची गोडी लागली, तशी एकेकाची बाटली सुटली. मशीनमन पाण्यावर आला, हिशेबनीसताई लिंबूपाण्यावर. उरले एकटे बायंडर. बाटलीशिवाय त्यांचा हातच चालत नसे, म्हणून सगळे त्यांना बाटलीमामा म्हणत. आता अख्ख्या छापखान्याची फळं त्यांच्या एकट्याच्या घशावर अवलंबून होती.

लोक त्यांना जावयासारखं जपू लागले. "मामा, उकडतंय ना? आणू एखादी थंडगार?" मशीनमन लाडीगोडी लावी. मामा ढेकर देत डबा भरत राहिले.

मग एक दिवस डॉक्टरांनी मामांच्या रक्तातली साखर पाहिली आणि कपाळाला हात लावला. मामा परतले ते पाण्याची सुरई घेऊनच. "बाटली बंद!"

छापखान्यावर सुतकी कळा पसरली.

"मामा, निदान सोमवारपुरती तरी घ्या," हिशेबनीसताई काकुळतीला आल्या. "सगळ्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे हो!"

"आणि माझी तब्येत काय रद्दीत घालू?"

सगळे वरमले. मशीनमनने तर कान पकडले. "चुकलंच मामा. नकोत ती फळं."

तरीही सोमवारी टोपली आली. शिगोशीग, वर एक भलीमोठी पपई. साऱ्यांच्या नजरा मामांकडे वळल्या.

"आईशप्पथ, मी नाही!" मामांनी रंगाचा डागही नसलेली जीभ काढून दाखवली.

इतक्यात केबिनमधून 'फस्स' असा आवाज आला. मशीनमनने दार ढकललं. मालकीणबाई बाटली लपवायला धडपडल्या, पण ओठ नारिंगी झालेले होते.

"बाई, तुम्ही?"

"डबा रिकामा बघवेना रे. पहिली तुमच्यासाठीच प्यायले."

"आणि बाकीच्या?"

बाईंनी बाटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "मामा, तुमच्या त्या डॉक्टरांचा पत्ता द्या बरं."