सात खुर्च्यांचा बार आणि रीडिंगचा तक्ता

जपानहून इंग्लंडमधल्या रीडिंग गावी परतताना सुश्रुतने एक गोष्ट पोटात ठेवली होती. टोकियोच्या यानाका या जुन्या पेठेतल्या एका बारचं नाव. लाकडी घर, सात खुर्च्या, युझू नावाच्या लिंबाची ताजी बिअर आणि काउंटरमागे विणकाम करणाऱ्या आजी. तिथे तो दीड तास कुणाशीही न बोलता बसला होता. इतका सुखी तो निवेदिताबरोबरच्या स्वतःच्या लग्नातही नव्हता. हे नाव कुणाला सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं.

परंतु रीडिंगच्या मराठी मंडळींचा नियम होता. सहलीहून परतलेल्याने सात दिवसांच्या आत ‘आदर्श सहल तक्ता’ भरायचा, म्हणजे पुढच्यांना नवीन काही शोधण्याचा त्रास पडत नाही. किती वाजता कुठे होतात, व्हेज मिळतं का, बाळाची प्रॅम आत जाते का आणि शांतता पाचपैकी किती, असे त्यात रकाने होते. तक्ताप्रमुख सतीशचा फोन आठव्या दिवशी आला.

“सुश्रुत, मंगळवार, चार ते साडेपाच. तक्त्यातला तुझा सेल ब्लँक आहे.”

“असाच फिरत होतो रे.”

“निवेदिता तेव्हा हॉटेलवर होती. म्हणजे तू एकटा?”

“एकटा.”

सतीशने सांत्वनाच्या सुरात फोन ठेवला. दोन दिवसांत निवेदिताला चार फोन आले. “एव्हरीथिंग ओके ना गं घरी?” तिसऱ्या दिवशी मंडळींपैकी नीना लझान्या आणि मॅरेज काउन्सेलरचा नंबर घेऊन दारात उभी.

“मला तरी सांग, कुठे गेला होतास,” त्या संध्याकाळी निवेदिता रडवेली होऊन म्हणाली.

“कुणाला सांगणार नाहीस?”

“तुझी शपथ.”

त्याने सांगितलं. तिने फक्त नीनाला सांगितलं, तेही शपथ घालून. नीनाने फक्त सतीशला सांगितलं, तेही सुश्रुतची बदनामी थांबावी म्हणून. रकाना भरला: ‘शांतता ५/५.’

ऑक्टोबरमध्ये शाळांच्या हाफ-टर्म सुट्टीला अकरा कुटुंबं यानाकात उतरली. सतीश न्यायी माणूस. त्याने शांतता सर्वांना समान मिळावी म्हणून वीस-वीस मिनिटांचे स्लॉट आखले. बारच्या दारावर मराठीत पाटी लागली, ‘कृपया चिवडा आत आणू नये.’ ती नीनानेच आजींना लिहून दिली होती, मदत म्हणून.

एप्रिलमध्ये सुश्रुत मोठ्या आशेने पुन्हा गेला. बाहेर रीडिंगची नऊ माणसं रांगेत होती आणि आजींनी विणकाम सोडलं होतं. त्याला खरोखर रडू आलं. परतल्यावर त्याने लिहिलं: ‘शांतता ०/५. आपलीच माणसं फार.’

सतीशने ती नोंद तत्परतेने मंजूर केली आणि फोन लावला. “मग तिथून तू कुठे गेलास? चार ते साडेपाच ब्लँक आहे.”

वाचकहो, तुम्हालाही आजींबद्दल वाईट वाटलं असेल. सतीशचा रागही आला असेल. पण खरं सांगा, त्या बारचं नाव काय असेल, हे मनात आलंच ना? फक्त तुमच्यापुरतं?