सुराच्या शेपटातले काका

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझा धागा तुटतो. आपला बटण्या, स्टुडिओत कामाला आहे तो. त्याचे काका क्लॅरिनेट वाजवायचे. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी काय केलं, एकेक सूर फुंकून सँपलर नावाच्या मशीनमध्ये भरून ठेवला. कीबोर्डची पट्टी दाबली की तो सूर वाजणार. बोटं कुणाचीही असोत, फुंकर काकांची.

काका गेले. पाठोपाठ सँपलरनेही मान टाकली. उरल्या त्यातल्या फाइल्स, आणि त्या सँपलरच्या कंपनीच्या खास, त्या मशीनशिवाय कुणापुढे तोंड उघडणार नाहीत. काकू म्हणाली, "वर्ष होतंय रे. घरचे जमतील. त्यांची ती धून तेवढी ऐकव. बाकी मला काही नको."

बटण्याने छातीठोकपणे हो म्हटलं आणि फाइल्स बदलून देणारं एक फुकटचं कन्व्हर्टर उतरवलं. कन्व्हर्टरने विचारलं, लूप सापडले नाहीत, पुढे जाऊ? बटण्याने दाबलं, पुढे जा. ह्या बाबतीत तो कधीच मागेपुढे बघत नाही.

आता लूप म्हणजे, पट्टी दाबून धरली की सुराचा मधला तुकडाच फिरत राहतो. त्यापुढचं शेपूट कधी वाजतच नाही. लूप गेला की शेपूट मोकळं. आणि काका सूर संपला तरी रेकॉर्डिंग लगेच बंद करायचे नाहीत. बटण्याने सगळ्या पट्ट्या टकटक दाबून तपासल्या. टकटक दाबल्यावर शेपटापर्यंत कोण पोचतंय?

तो दिवस आला. खोलीत खुर्च्या, समोर फोटो, सगळ्यांच्या माना खाली. पहिल्या रांगेत आत्या, म्हणजे काकांची थोरली बहीण. धून अगदी संथ. पहिला लांब सूर उठला आणि काकूने डोळे मिटले. तोच सूर, तीच फुंकर. सूर विरला आणि काका म्हणाले, "दार लाव गं, वारा येतोय."

काकू उठली, दार लावलं, येऊन बसली. आणि मग तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"कोण बोललं?" आत्याने विचारलं.

"सूर आहे, आत्या," असं म्हणत बटण्याने घाबरून पुढची पट्टी दाबली, ती दाबूनच बसला.

"ताई गेली का? मग ती चांगली बिस्किटं काढ आता."

आत्याने हातातलं साधं बिस्किट सावकाश बशीत ठेवलं. हसायची सोय नव्हती कुणाला. बटण्याचा पाय सूर धरून ठेवणाऱ्या पेडलवर तसाच राहिला, तीन पट्ट्या एकदम दबल्या, आणि तीन काका एकदम सुरू झाले. एक चष्मा शोधतोय, एक खाकरतोय, एक शेजाऱ्याच्या नावाने बोटं मोडतोय. शेजारी तिसऱ्या रांगेत.

धून अर्धवट कशी सोडणार? शेवटचा सूर त्याने डोळे मिटून धरला. खालचा, लांब. "दमलीस ना? बस तू. चहा मी करतो."

काकूने पदराने डोळे पुसले. "म्हणाले होते खरे," ती म्हणाली. "केला नाही."

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन. "ते बिस्किटांचं काढून टाक. चारचौघांत शोभा झाली. रविवारी येतेय मी, नीट धून ऐकायला."

"काढतो, आत्या."

"काढ." फोन मात्र ठेवला नाही. "काढायच्या आधी एकदा फोनवर ऐकव."

त्याने ऐकवलं.

"पुन्हा," आत्या म्हणाली.

स्टुडिओतल्या सरांनी लूप बसवून दिले, चकचकीत, काका एकदम गप्प. जुनी कॉपीही आहे बटण्याकडे, तेवढी अक्कल आली त्याला. पण उद्या रविवार. आत्या येणार, आणि काकूने मुद्दाम चांगली बिस्किटं आणून ठेवलीत. बटण्याने विचारलं, कुठली फाइल लावू, तर म्हणते, "तुला कळायला नको?"

सांग आता. तू कुठली लावली असतीस?