गोदूबाईंचा ठोका

"मोजा, मोजा! 'झुळझुळ झरा', किती अक्षरं?"

"पाच!"

"सात!"

"झऱ्याला पानी किती हाय त्यावर, बाई!"

सुरेखाबाईंना घाम फुटला. मागच्या बाकावर केंद्रप्रमुख अनिलसर बसले होते. आंबेनळी घाटावरच्या या वाडीतली शाळा पट कमी म्हणून खालच्या गावात हलवायची की नाही, हे त्यांच्या आजच्या शेऱ्यावर ठरणार होतं. आणि सातवीला निसर्गकवितेचा छंद काही सापडत नव्हता.

'झुळझुळ झरा, खडकाशी बोले; झुळझुळ झरा, रानातून चाले.' बाईंनी शेवटी ओसरीतला तेलाचा रिकामा डबा उचलला. अक्षरागणिक एक ठोका, सहा झाले की थांबा.

"बाई, नका वाजवू," अक्षदा कुजबुजली.

पोरगी सरांना लाजत असेल, असं समजून बाईंनी जोर वाढवला.

थोड्याच वेळात दारात शिंगं दिसली. शिंगांमागून म्हैस आली, म्हशीमागून आणखी म्हशी, आणि सर्वांत शेवटी धापा टाकत गोदूबाई.

"अवो बाई, माझा ठोका तुमी कशाला वाजिवता? काय गो अक्षदे, सांगितलं नायस?"

"सांगितलं की!"

मग उलगडा झाला. रानात चरणारी जनावरं वाडी डबा वाजवून पेंडीला बोलावते, आणि घरागणिक ठोका वेगळा. सहा नि थांबा, हा गोदूबाईंचा.

"छंद बदला!" अनिलसर बाकावर चढून ओरडले.

बाईंनी तत्परतेनं अष्टाक्षरी घेतली. मागच्या दारानं रायबाच्या म्हशी आल्या.

"बाई, समजलं!" अक्षदानं उडीच मारली. "षडक्षरी गोदूआजीची, अष्टाक्षरी रायबाकाकाची!"

"आणि 'बोले', 'चाले'?" एका म्हशीनं पायमोजा हुंगायला घेतला, तरी सरांनी बाकावरूनच विचारलं.

"यमक! शेवटाला सारखा आवाज."

"नि 'झुळझुळ झरा' पुन्हा पुन्हा कशाला?"

"एका हाकेत कोन येतंय, सर? आमच्या म्हशीपन येत नायत!"

अनिलसर पोट धरून हसले. "खाली आठवीला हे जमत नाही. शाळा इथंच राहावी, असं लिहितो मी."

बाईंच्या हातातला डबा खाली पडला. सुदैवानं एकाच ठोक्याला येणारं वाडीत कुणी नव्हतं.

सर आता रंगात आले होते. "गोदूबाई, शार्दूलविक्रीडित कुणाचं हो? एका ओळीत एकोणीस ठोके."

"एकोनीस?" गोदूबाईंनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "तेवढं बडवीपर्यंत म्हस आटंल की, साहेब!"