गुडघेदुखी आणि ओले मोजे

ज्ञान वाटल्याने वाढते. न वाचता वाटल्याने तर फारच झपाट्याने वाढते. आमचे वैद्यकीय मासिक कागदावर निघत होते तेव्हा त्याला तीनशे वाचक होते (त्यांतले बरेचसे हयातही होते). इंटरनेटवर आल्यापासून दरमहा नऊ हजार जण ते उतरवून घेतात आणि सरासरी अकरा सेकंद त्यावर चिंतन करतात.

आमच्या गुडघ्यांच्या डॉक्टरांना बढती हवी होती, आणि बढतीला शोधनिबंध लागतो. त्यांनी तो मोबाइलवर लिहिला. त्याच मोबाइलवर बायकोने कामांची यादी टिपली होती, ती उपचारपद्धतीच्या मधोमध जाऊन बसली: ‘रोज सकाळी दहा वेळा गुडघा वाकवणे, दूध तापवून झाकणे, ओले मोजे वाळत घालणे, आत्याला फोन करणे.’ चाळीस रुग्णांवर प्रयोग झाला. एकवीस बरे झाले, तेवीस होते तसेच राहिले.

आमच्या मासिकाचे परीक्षक तिघे. एकाने काटेकोरपणाची तारीफ केली, दुसऱ्याने स्वतःच्या सात निबंधांचा उल्लेख करायला सांगितले, तिसऱ्याची मंजुरी निबंध पोचण्याआधीच आली (तत्पर माणूस). निबंध छापला, आणि वर्षभरात एकसष्ट शोधनिबंधांनी त्याचा आधार घेतला. एका विद्यापीठाने तर आत्या नसल्यास मावशी चालते, हेही सिद्ध केले.

नवऱ्याचे नाव छापून आले म्हणून बायकोने कौतुकाने सगळा निबंध वाचला. असे पूर्वी कधी घडले नव्हते.

“अहो, यात माझी यादी आहे,” ती म्हणाली.

बढतीची मुलाखत दुसऱ्याच दिवशी होती. तरी बिचारे डॉक्टर तडक आमच्या कचेरीत आले. माणूस सज्जन, मला मनापासून वाईट वाटले.

“बढती गेली तरी चालेल,” ते म्हणाले, “पण चूक छापा.”

संपादकांनी समजावले, की एकसष्ट निबंध उभे असताना चूक त्यांची एकट्याची राहिलेली नाही. डॉक्टर हटेनात. शेवटी दुरुस्ती छापली. तिचाही आधार तीस जणांनी घेतला, मोज्यांच्या बाजूने. डॉक्टरांना बढती मिळाली.

आम्ही बाईंचा एकमेव वाचक म्हणून सत्कार केला. नारळ हातात घेऊन त्यांनी विचारले, “चाळीस रुग्णांतले एकवीस आणि तेवीस, म्हणजे चव्वेचाळीस कसे झाले?”

ही बेरीज आमच्यापैकी कोणीच केली नव्हती. ते आकडे तुम्हीही वर वाचलेत आणि मुकाट्याने पुढे गेलात. परीक्षक मंडळावर तुमचे नाव घातले आहे. अभिनंदन.